टोप चालतो, कुकर अडतो

पायथॉन या संगणकभाषेची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते. ३.१४ ही आवृत्ती ७ ऑक्टोबर २०२५ रोजी आली. प्रत्येक आवृत्तीची डागडुजी पाच वर्षं होते आणि मग थांबते. त्यामुळे ३.१४ आली त्याच महिन्यात ३.९ ची मुदत संपली, आणि ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. (३.१० म्हणजे तीन-दहा, तीन पूर्णांक एक नव्हे. सेटिंगच्या फाइलीत हा आकडा अवतरणचिन्हाविना लिहिला तर शेवटचं शून्य गळतं आणि यंत्रणा २००९ सालची ३.१ शोधत बसते. अनेकांनी हा अनुभव घेतलेला आहे.)

या वार्षिक पंचांगाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणते, चालत्या गाड्याला खीळ कशाला? दुसरी म्हणते, मुदत संपलेल्या पायावर माळे चढवू नयेत. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने आणि गाळे आहेत. त्यांचा माल, बिलं, उधारी या सगळ्याला कुणीतरी हिशेबाची स्क्रिप्ट लिहून देणारा लागतो. केबिन रोडवर राहणारे, पायथॉन २.७ च्या दिवसांपासून हे काम करणारे एक काका, आणि रोज सकाळी अंधेरीची लोकल पकडून डेटाचं काम करायला जाणारी त्यांची पुतणी, अशी जोडी डोळ्यांसमोर आणली की हा वाद नीट ऐकू येतो.

काकांचा पहिला मुद्दा यंत्राचा असतो. "अगं, गिऱ्हाइकाच्या काउंटरवर विंडोज ७ आहे. त्यात तुझं ३.१४ कुठून घालू?" मुद्दा खरा आहे. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, तिची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्येच संपली. ३.१३ पासून पुढे किमान विंडोज १० लागतं. पुतणीचं उत्तर यंत्र बदला असं नसतं. "काका, मशीन जुनं आहे, राहू द्या. पण ते इंटरनेटला कशाला जोडलंय? बिलं छापायला नेट लागत नाही." मुदत संपलेल्या आवृत्तीचा धोका बाहेरून काहीतरी आत येण्याशी बांधलेला असतो. दार बंद असेल तर जुनं पायथॉन जुन्या वजनकाट्यासारखं वर्षानुवर्षं चालतं.

दुसरी तक्रार जास्त जिव्हारी लागणारी आहे. पायथॉनचं जुनं ब्रीद असं की बॅटऱ्या खोक्यातच मिळतात. म्हणजे रोज लागणारी बरीच साधनं भाषेबरोबरच येतात. ३.१३ मध्ये त्यातले १९ मोड्यूल काढून टाकले. वेबपानं चालवणारं जुनं सीजीआय गेलं, टेलनेट गेलं. त्याआधी ३.१२ मध्ये पॅकेजं बांधायचं डिस्टयुटिल्स गेलं. काका म्हणतात, "मला न विचारता माझ्या पेटीतून हत्यारं काढून नेली." पुतणी म्हणते, "विचारलं होतं ना! ३.११ पासून इशारा छापून येत होता." दोघांचंही खरं आहे, कारण इशारा छापला जातो टर्मिनलवर, आणि काकांच्या स्क्रिप्टा अशा प्रकारे ठेवलेल्या असतात की दुकानदाराला काळी खिडकी दिसूच नये. खिडकी नाही, तर इशारा वाचणार कोण?

वेगाच्या बातम्यांवर मात्र पुतणीचा आवाज चढतो. पायथॉनमध्ये गिल नावाचं एक कुलूप आहे. गल्ल्याची किल्ली एकच असावी आणि चार नोकरांनी ती आळीपाळीने घ्यावी, तसं एका प्रक्रियेतले अनेक धागे पायथॉनचं काम एका वेळी एकच करू शकतात. संगणकाला आठ गाभे असले तरी. मेटा कंपनीतल्या सॅम ग्रॉस यांच्या प्रस्तावानुसार हे कुलूप नसलेली वेगळी बांधणी ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि ३.१४ मध्ये तिला अधिकृत आधार मिळाला. ती अजूनही ऐच्छिक आहे. कुलूप काढण्याची किंमतही आहे: एकाच धाग्यावर चालणारं काम या बांधणीत साधारण ५ ते १० टक्के हळू होतं. काकांचं सगळं काम एकाच धाग्यावर चालतं. म्हणजे जगभर गाजलेल्या या बातमीचा केबिन रोडवर हिशेब केला तर तोटाच निघतो.

वेगाची दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात पुतणीला स्वतःचं बोलणं मागे घ्यावं लागतं. २०२५ च्या सुरुवातीला ३.१४ साठी आज्ञा चालवणारा नव्या पद्धतीचा गाभा तयार झाला आणि तो ९ ते १५ टक्के जलद असल्याचं जाहीर झालं; पुतणीने तो आकडा काकांना ऐकवला. काही आठवड्यांत नेल्सन एल्हेज या अभियंत्याने दाखवून दिलं की जुना गाभा ज्या कंपायलरने बांधून मोजला होता, त्या क्लँग १९ मध्येच एक दोष होता आणि त्याने जुना गाभा विनाकारण मंद केला होता. नवा धावपटू जलद होता, पण शर्यतीत त्याच्या शेजाऱ्याच्या पायाला दगड बांधलेला होता. सुधारित आकडा ३ ते ५ टक्के निघाला. नव्या गाभ्याचं काम ज्याने केलं होतं त्याने उघडपणे चूक कबूल केली. काका यावर म्हणतात, "म्हणून मी बातमी एक वर्ष मुरू देतो." लोणच्याला लागू पडणारा हा नियम पायथॉनलाही बऱ्यापैकी लागू पडतो.

साधनांच्या बाबतीत मात्र काकांची बाजू लंगडी आहे, आणि ती लंगडी का, हे त्यांच्या संगणकातच दिसतं. त्यांनी आजवर प्रत्येक पॅकेज, पिप या पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने, एकाच पायथॉनमध्ये घातलं. एका दुकानासाठी एक्सेल वाचणारं पॅकेज नवं केलं की दुसऱ्या दुकानाचं बिल मोडतं. यावरचा उपाय, म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा कोनाडा, पायथॉनमध्ये २०१२ सालच्या ३.३ पासून आहे. काका तो वापरत नाहीत, कारण प्रत्येक कोनाडा बनवायचा, तो जागा करायचा, त्यात पॅकेजं पुन्हा उतरवायची, या प्रत्येक पायरीवर विसरायला वाव आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲस्ट्रल या कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेलं यूव्ही आणलं. ते पिपचं, कोनाड्यांचं आणि वेगवेगळ्या पायथॉन आवृत्त्या उतरवण्याचंही काम एकट्याने करतं. कंपनी पिपच्या दहा ते शंभर पट वेगाचा दावा करते. पण केबिन रोडला त्याहून उपयोगी गोष्ट वेगळीच: एकदा उतरवलेलं पॅकेज ते एका सामाईक कोठीत ठेवतं आणि प्रत्येक कोनाड्याला तिथूनच जोडून देतं. दहा दुकानांचे दहा कोनाडे असले तरी डिस्कवर माल एकदाच.

"आणि उद्या त्या कंपनीने पैसे मागितले तर?" काका विचारतात. हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. यूव्हीचा परवाना खुला आहे, त्यामुळे आज हातात असलेली प्रत कुणी काढून घेऊ शकत नाही; पण ती पुढे कोण सांभाळणार, हे परवाना सांगत नाही. पुतणीचं उत्तर असं की साधनावर विसंबू नका, साधनाने लिहिलेल्या कागदावर विसंबा. कोणती पॅकेजं, कोणत्या नेमक्या आवृत्तीची, कोणत्या ठशाची, हे नोंदवणाऱ्या फाइलीचा सामाईक नमुना मार्च २०२५ मध्ये मंजूर झाला. यूव्ही त्या नमुन्यात फाइल लिहून देतं, आणि खुद्द पिपमध्येही एप्रिल २०२५ पासून तशी फाइल बनवण्याची प्रायोगिक सोय आहे. वहीचा आखणीनमुना सगळ्यांचा एक असला की मुनीम बदलला तरी खातं चालू राहतं.

काका यूव्हीकडे वळतात ते मात्र या युक्तिवादाने नाही. त्यांना पटते ती एक बारकी सोय. एकाच फाइलीच्या स्क्रिप्टीत, अगदी वरच्या काही टिपणओळींत, ही स्क्रिप्ट पायथॉनच्या कोणत्या आवृत्तीवर चालते आणि तिला कोणती पॅकेजं लागतात हे लिहून ठेवता येतं. २०२४ मध्ये मान्य झालेली ही पद्धत यूव्हीला कळते. अशी फाइल व्हॉट्सॲपवर किंवा पेनड्राइव्हवर, यूव्ही आणि नेट असलेल्या दुकानात गेली की यूव्ही त्या ओळी वाचतं, लागेल ते पायथॉन आणतं, कोनाडा बांधतं आणि स्क्रिप्ट चालवतं. "म्हणजे डब्यावरच लिहिलंय आत काय आहे ते," काका म्हणतात. वीस वर्षं ते हेच एका डायरीत लिहीत आले होते आणि डायरी नेहमी दुसऱ्याच पिशवीत असायची.

बाकीची नवी साधनं झटपट सांगून होतात. रफ, ॲस्ट्रलचंच आणि २०२२ सालचं, कोडमधल्या चुका दाखवतं आणि मांडणी एकसारखी करतं; जे पूर्वी तीन-चार वेगळ्या साधनांना लागायचं ते एका झटक्यात. कोणत्या नावात आकडा आहे आणि कोणत्यात मजकूर, हे तपासणारी टी-वाय आणि पायरफ्लाय ही दोन साधनं मे २०२५ मध्ये पूर्वदर्शन म्हणून समोर आली. पहिलं ॲस्ट्रलचं, दुसरं मेटाचं. दोनशे ओळींच्या बिलाच्या स्क्रिप्टीला त्यांची घाई नाही.

सुरक्षेच्या विषयावर दोघांत वाद जवळजवळ नसतो, फक्त भीतीची कारणं वेगळी. पॅकेजं जिथून येतात त्या पाय-पी-आय या सामाईक भांडारात कुणीही माल ठेवू शकतो. मार्च २०२४ मध्ये नामसाधर्म्याचा फायदा घेणाऱ्या घातक पॅकेजांचा असा लोंढा आला की नवी नोंदणी काही तास बंद ठेवावी लागली. १ जानेवारी २०२४ पासून माल ठेवणाऱ्यांना दुहेरी ओळख सक्तीची आहे, तरी जुलै २०२५ मध्ये भांडाराच्या नावातलं फक्त शेवटचं अक्षर बदललेल्या पत्त्यावरून पॅकेजकर्त्यांना फसवे मेल गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने अमेरिकी सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठानाचं १५ लाख डॉलरचं अनुदान नाकारलं. ते याच भांडाराच्या सुरक्षेसाठी मागितलेलं होतं; पण त्यासोबत विविधता आणि समावेशाचे उपक्रम थांबवण्याची अट आली होती. ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च सुमारे ५० लाख डॉलर, तिने एवढी रक्कम सोडणं लहान गोष्ट नाही.

"मी तीनच पॅकेजं वापरतो, आणि तीही जुनी," असं काका म्हणतात, आणि हा बचाव वाटतो त्याहून भक्कम आहे. घातक माल बहुधा काही दिवसांत पकडला जातो; नवा माल लगेच न उचलणारा आपोआप वाचतो. यूव्हीमध्ये ठरावीक तारखेनंतर भांडारात आलेलं काहीच घेऊ नये, अशी सूचना देता येते. काकांची मुरू देण्याची सवय तिथे एका पर्यायाच्या रूपात आयती मिळते. पुतणीच्या पिढीचा धोका निराळा: कोड सुचवणारे एआय सहायक कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजाचं नाव ठोकून देतात, आणि त्या नावाने कुणीतरी आधीच सापळा लावून ठेवलेला असू शकतो.

आता ज्या बाबतीत भाईंदरच्या गाळ्याचं काम जगातल्या चर्चेपासून वेगळं पडतं ती, म्हणजे मराठी मजकूर. भांड्यांच्या एका यादीत टोप, कढई आणि तवा एवढंच आहे असं धरू. ती यूटीएफ-८ या संकेतपटात साठवली आणि विंडोजवर एन्कोडिंग, म्हणजे संकेतपट, न सांगता पायथॉनने उघडली, तर ३.१४ पर्यंतचं पायथॉन ती विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतपटाने वाचतं. पडद्यावर रोमन ए, चलनचिन्हं आणि टिंबांचा कचरा दिसतो, पण स्क्रिप्ट थांबत नाही. यादीत कुकर किंवा झारा किंवा डब्बा आला की मात्र ती चूक दाखवून बंद पडते. कारण यांत्रिक आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठतं, आणि त्या जुन्या संकेतपटात पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही. ऱ्हस्व उकार, झ आणि हलन्त यांचे तिसरे बाइट नेमके त्या पाचांत पडतात. म्हणून टोप चालतो, कुकर अडतो. दुकानदार म्हणतो, "काल चालत होतं," आणि तो खोटं बोलत नसतो. काल कुकर आलेला नसतो.

अडणं हे खरं तर बरं. टोप-तव्याच्या यादीत कचरा निमूट साठ्यात शिरतो आणि महिनाअखेरीला सापडतो.

अक्षरांचा दुसरा घोळ कोणत्याही एन्कोडिंगने सुटत नाही. ॲल्युमिनियम या शब्दाचं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं: एकच अखंड ॲ, किंवा अ आणि त्यावर चंद्राची वेगळी खूण. डोळ्याला फरक दिसत नाही. पायथॉनला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण करणारं तयार फंक्शनही त्यांना एक करत नाही, कारण युनिकोडने ते समान मानलेलेच नाहीत. साठ्यात ॲल्युमिनियमचा टोप दोनदा दिसतो, एकदा १२ नग आणि एकदा ५. शिवाय अखंड ॲ चा क्रमांक युनिकोडच्या तक्त्यात ह च्याही पुढे आहे, त्यामुळे यादी लावली की तो टोप थेट तळाला. ळ चं उलट होतं: तो तक्त्यात ल आणि व यांच्या मध्ये आहे, मराठी वर्णमालेत ह नंतर. उधारीच्या यादीत पायथॉन केळकरांना केसरकरांच्या आधी बसवतं. मराठी कोशाच्या क्रमात केसरकर आधी. आयसीयू या तयार कोड-संग्रहात मराठीचे स्वतंत्र क्रमनियम आहेत, नाहीतर ळ चं वजन हाताने वाढवणारं चार ओळींचं फंक्शन लिहावं लागतं. काकांनी ते फार पूर्वी लिहिलेलं आहे, आणि पुतणी ते मुकाट्याने उचलते.

पत्त्यांतही हेच. गावाचं नाव भाईंदर, भायंदर, भाइंदर असं लिहिलं जातं; मिरा-भाईंदर शहराचं कधी मिरा, कधी मीरा. शोधासाठी पायथॉनच्या आतल्या नमुनाशोधकाला "शब्दातली अक्षरं" मागितली तर तो मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. "केबिन" चे क, ब आणि न असे तीन तुकडे हातात येतात. रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज ही चूक करत नाही. काकांची युक्ती त्याहून सोपी: नाव सोडा, पिन धरा. भाईंदर पूर्व ४०११०५. हा आकडा ग्राहकाने देवनागरीत लिहिला तरी पायथॉनचं पूर्णांक करणारं फंक्शन तो बिनतक्रार ओळखतं, हा या भाषेचा एक कमी गाजलेला गुण.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये सुमारे २.४८ कोटी मराठी वाक्यांचा महाकॉर्पस आणि त्याबरोबर पायथॉनमधून वापरायची मराठी भाषासाधनं खुली केली. पुतणी त्यांचा दाखला देते; काका म्हणतात, "भांड्यांच्या यादीला तोफ कशाला?" इथे काकांचं बरोबर आहे. शिकणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात पायथॉन ३.४.३ वरची मालिका आहे. पाया शिकायला ती आजही चालते, पण एन्कोडिंगचा हा खड्डा कोणत्याही पहिल्या धड्यात नसतो.

तो खड्डा बुजवणारी बातमी मात्र आलेली आहे, गिलच्या गाजावाजात मागे पडलेली. ३.१५ पासून, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबर २०२६ पासून, पायथॉन विंडोजवरही मुळातच यूटीएफ-८ धरून चालेल. कुकर अडणार नाही. "ही खरी बातमी," काका म्हणतात. "तुमच्या विंडोज ७ पर्यंत ती येणार नाही, काका," पुतणी म्हणते. तिथे ३.८ च राहणार, आणि फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत एन्कोडिंग हाताने लिहिलेलं बरं. एक्सेलमध्ये उघडायची फाइल असेल तर यूटीएफ-८-सिग, नाहीतर तिथेही कचरा दिसतो. अशा ओळी शोधायला ३.१० पासून एक इशारा चालू करता येतो: एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की तो ओळीचा क्रमांक छापतो. काउंटरवरच्या यंत्रात तो नाही, पण पुतणीच्या लॅपटॉपवर आहे. काकांची स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून तिथे जाते, इशारे गोळा होतात, ओळी दुरुस्त होतात, आणि दुरुस्त स्क्रिप्ट त्याच पेनड्राइव्हवरून विंडोज ७ वर परत येते.